जालन्याची मोसंबी आणि लॅटिनच्या लेकी

जालन्याच्या मोसंबीचे नाव मोझांबिकवरून आले, असे मानले जाते. मोझांबिक ही पोर्तुगिजांची आफ्रिकेतील वसाहत. पगार, चावी, साबण, घमेले हे शब्दही मराठीने पोर्तुगिजांकडूनच घेतले. पोर्तुगीज, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या लॅटिनच्या लेकी. त्यांपैकी एखादीत पदवी घ्यायची तर जालन्याच्या विद्यार्थ्याने कोणते महाविद्यालय निवडावे? प्रश्न प्रवेशाचा वाटतो, पण त्याची मुळे इतिहासात आहेत.

कोणती परभाषा शिकायची, हे आपल्याकडे बराच काळ राजवटीने ठरवले. जालना निजामाच्या राज्यात होते. 1900च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि 1918मध्ये हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. मराठवाड्यातील विद्येची वाट साहजिकच उर्दू-फारसीकडे वळली. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी पुढे फारसी साधने मराठी वाचकांपर्यंत आणली, ती याच पार्श्वभूमीवर. गोव्यात राज्य पोर्तुगिजांचे होते; तेथे पांडुरंग पिसुर्लेकर (1894-1969) यांनी पोर्तुगीज दप्तरांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला. दोघांनीही आपापल्या राजवटीची भाषा मराठी इतिहासाच्या कामी लावली.

फ्रेंचला मराठवाड्यात असा आधार मिळाला नाही. वास्तविक जालना जिल्ह्याचा तिच्याशी संबंध जुना आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी आसई येथे वेलस्लीशी लढलेले शिंद्यांचे कवायती पायदळ सावोयच्या डी बॉयनने उभारले होते आणि पुढे ते फ्रेंच पेरनच्या हाती आले. तरीही ही लढाई आपण प्रामुख्याने वेलस्लीच्या बाजूच्या इंग्रजी कागदांवरून वाचतो. आपल्याच गावशिवारात झालेल्या लढाईची जिंकणाऱ्याने सांगितलेली हकिकत तेवढी आपल्या वाट्याला आली.

1948मध्ये निजामी राजवट संपली, 1958मध्ये मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आता भाषा निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्याकडे आहे. म्हणून निवड डोळसपणे व्हावी. हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात फ्रेंच आणि स्पॅनिशच्या पदव्या आहेत. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठ ही मोठी केंद्रे. पोर्तुगीजसाठी गोवा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण मिळते, शिवाय पणजीचे दप्तर जवळ. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत परकीय भाषांचा विभाग आहे.

नाव आणि अंतर यांपलीकडे तीन गोष्टी विचाराव्यात. भाषा पूर्ण पदवीचा मुख्य विषय आहे, की नुसता प्रमाणपत्राचा वर्ग? अभ्यासक्रम संभाषणापाशी थांबतो, की साहित्य आणि इतिहासापर्यंत नेतो? आणि बारावीपर्यंत ती भाषा कानावरही न पडलेल्या विद्यार्थ्याला तेथे मुळाक्षरांपासून शिकवतात का? जालन्याच्या मुलामुलींसाठी हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मोठ्या शहरातील शाळेत फ्रेंच शिकलेल्यांबरोबर त्यांना एकाच वर्गात बसवले, तर पहिल्याच वर्षी उमेद खचते.

दुभाषेपण आणि भाषांतर यांवर पोट भरता येते, हे घरच्यांना सांगायलाच हवे. पण आसईची दुसरी बाजू मूळ फ्रेंचमधून वाचणारा एखादा जालन्यातून निघाला, तर पिसुर्लेकरांनी गोव्यात केलेल्या कामाची मराठवाड्यातही सुरुवात होईल.