खासदार कसा निवडला जातो? 1952 ची पेटी ते आजचं यंत्र : भिवंडी मतदारसंघाच्या निमित्ताने समजून घ्या

भिवंडी : ग्रामपंचायतीची निवडणूक असली की कोण कुठल्या वॉर्डात उभा आहे, कुणाची किती मतं आहेत, हे गावातल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. पण लोकसभेचा विषय निघाला की मात्र अनेक जण म्हणतात, "ते दिल्लीचं काम, आपल्याला काय कळतंय." खरं तर खताचं अनुदान, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, घरकुल, रोजगार हमीचा कायदा हे सगळं दिल्लीच्या संसदेतून येतं. म्हणून तिथे माणूस कसा जातो, हे नीट माहीत असायला हवं.

आपला मतदारसंघ कोणता?

सध्याचा भिवंडी लोकसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत तयार झाला. त्यात विधानसभेच्या सहा जागा येतात : भिवंडी ग्रामीण, शहापूर, भिवंडी पश्चिम, भिवंडी पूर्व, कल्याण पश्चिम आणि मुरबाड. यातल्या भिवंडी ग्रामीण आणि शहापूर या दोन जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेची भिवंडीची जागा मात्र खुली आहे. याच पुनर्रचनेत जुना डहाणू लोकसभा मतदारसंघ बंद झाला आणि पालघर हा राखीव मतदारसंघ नव्याने आला.

2009 मध्ये इथून काँग्रेसचे सुरेश टावरे निवडून आले. 2014 आणि 2019 ला भाजपचे कपिल पाटील. 2024 ला राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्या मामा.

ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो खासदार

आपल्याकडे निम्म्यापेक्षा जास्त मतं मिळालीच पाहिजेत, असा नियम नाही. बाकीच्यांपेक्षा एक मत जास्त असलं तरी उमेदवार विजयी होतो.

आपल्याच मतदारसंघाचं उदाहरण घ्या. 20 मे 2024 ला मतदान झालं, 4 जूनला निकाल लागला. म्हात्रे यांना सुमारे 4 लाख 99 हजार, कपिल पाटील यांना सुमारे 4 लाख 33 हजार आणि अपक्ष निलेश सांबरे यांना सुमारे 2 लाख 31 हजार मतं मिळाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची बेरीज केली तर ती विजयी उमेदवारापेक्षा जास्त भरते. तरी निकाल नियमाला धरूनच आहे. मतं किती जणांत विभागली जातात यावर निकाल फिरतो, तो असा.

त्या वेळी मतदान झालं साधारण 60 टक्के. म्हणजे शंभरातले चाळीस मतदार केंद्रावर गेलेच नाहीत. आकड्यात सांगायचं तर आठ लाखांहून जास्त माणसं. विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा घरी राहिलेल्यांचा आकडा मोठा आहे.

पंतप्रधानाला आपण थेट मत देत नाही

लोकसभेच्या एकूण जागा 543, त्यातल्या महाराष्ट्राच्या 48. बहुमताला 272 लागतात. ज्या पक्षाला किंवा आघाडीला बहुमताचा पाठिंबा, त्यांचा नेता पंतप्रधान होतो. आपलं मत असतं ते फक्त आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला.

संसदेचं दुसरं सभागृह म्हणजे राज्यसभा. तिथे महाराष्ट्राचे 19 खासदार आहेत. त्यांना आपण निवडत नाही, आमदार निवडतात. म्हणजे आमदाराला मत देताना राज्यसभेच्या खासदाराचाही थोडा निर्णय आपण करत असतो.

पूर्वी मत कुणाला होतं?

इंग्रजांच्या काळात सगळ्यांना मत नव्हतंच. जमीनमहसूल किंवा कर किती भरतो, मालमत्ता किती, शिक्षण किती, यावर मताचा हक्क ठरायचा. बहुतेक कुळांना, मजुरांना, बायकांना मत नव्हतं.

राज्यघटनेने हे एका फटक्यात बदललं. 21 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत, मग तो सावकार असो की सालगडी. पहिली निवडणूक ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 अशी चालली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. मतदार सुमारे 17 कोटी 30 लाख, जागा 489. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिलं आणि प्रत्येकाची पेटी वेगळी ठेवली. मतदाराने कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा, शिक्का मारायची भानगड नाही. या लोखंडी पेट्यांपैकी बऱ्याच पेट्या आपल्या जवळच, मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

त्या वेळची एक गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक बायकांनी यादी करणाऱ्यांना स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. आयोगाने अशी नोंद चालणार नाही म्हटलं आणि सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली.

सुरुवातीला काही मतदारसंघांत एकाच जागी दोन खासदार निवडले जायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. आपला जुना ठाणे मतदारसंघ तसाच होता. 1957 ला तिथून वारली आदिवासींच्या लढ्यातले कम्युनिस्ट नेते शामराव परुळेकर निवडून गेले. 1961 मध्ये कायदा करून ही दोन खासदारांची पद्धत बंद झाली.

पुढे काय काय बदललं?

- 1967 पर्यंत लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्र व्हायच्या. 1971 ला लोकसभा मुदतीआधी घेतली आणि दोन्ही वेगळ्या झाल्या.
- 1985 मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला.
- 1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 झालं.
- 2004 ची लोकसभा निवडणूक देशभर मतदान यंत्रावर झाली.
- 2014 ला लोकसभेसाठी पहिल्यांदा 'नोटा'चं बटण आलं. पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांतला पुढचाच विजयी ठरतो.
- 2019 ला प्रत्येक केंद्रावर व्हीव्हीपॅट आलं. बटण दाबल्यावर चिठ्ठी सुमारे सात सेकंद दिसते. ती बघितल्याशिवाय बाहेर येऊ नका.

आता पुढचा प्रश्न : मतदारसंघ पुन्हा आखले जाणार

1952 ला एका जागेमागे सरासरी साडेतीन लाख मतदार होते. 2024 ला देशात सुमारे 97 कोटी मतदार, म्हणजे एका जागेमागे जवळजवळ 18 लाख. आपल्या भिवंडीत तर 20 लाखांच्या वर. एवढ्या माणसांचं गाऱ्हाणं एका खासदाराने ऐकायचं.

मतदार वाढले, पण जागा का वाढल्या नाहीत? 1976 मध्ये घटनादुरुस्ती करून राज्याराज्यांतल्या जागांची वाटणी गोठवली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा हेतू. पुढे ती मुदत वाढवून 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. 2008 मध्ये फक्त हद्दी बदलल्या, महाराष्ट्राच्या जागा 48 च राहिल्या.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. 2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा राखीव केल्या आहेत, पण ते आरक्षणही जनगणना आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेशी जोडलेलं आहे. 2009 पासून भिवंडीतून एकही महिला खासदार झालेली नाही. शहापूर-मुरबाडची गावं उद्या शहराच्या मतदारसंघात राहणार की वेगळी होणार, हे पुनर्रचनेत ठरेल. म्हणून जनगणनेला माणूस दारात आला की घरातल्या प्रत्येकाची नोंद करून घ्या.

यादीत नाव नाही तर काहीच नाही

आपल्या भागातली खरी अडचण इथे आहे. भातकापणी उरकली की कातकरी वस्तीतली कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. लोकसभेचं मतदान नेमकं एप्रिल-मेमध्ये येतं. यंत्रमागावरचे कितीतरी कामगार वर्षानुवर्षं इथे राहतात, पण नाव अजून मूळ गावच्या यादीत. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरीच राहिलेलं असतं.

एवढं ध्यानात ठेवा :

- मतदान कार्ड हातात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं समजू नका. यादी बघा.
- नवीन नावासाठी फॉर्म 6. पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला फॉर्म 8. मयत माणसाचं नाव काढायला फॉर्म 7.
- आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. यातल्या ज्या तारखेला 18 पूर्ण, त्याप्रमाणे नोंदणी.
- उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीसाठी नाव चढत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून उपयोग नसतो.
- कार्ड हरवलं असेल, पण यादीत नाव असेल, तर आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँक पासबुक असे पुरावे चालतात.
- अडचण आली तर 1950 हा नंबर लावा किंवा गावच्या बीएलओला भेटा. बीएलओ बहुतेक ठिकाणी अंगणवाडी सेविका किंवा शिक्षकच असतात.

28 लाख बायकांची नावं गेली त्याला सत्तर वर्षं उलटली. आज मोबाईलवर दोन मिनिटांत यादी बघता येते. आपलं बघून झालं की भट्टीवर गेलेल्या शेजाऱ्याचं आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्या आजीचंही नाव बघून ठेवा.