नळी आणि बोळा : कानात बसणाऱ्या इअरफोनचा पूर्वेतिहास

कानात घालायच्या इअरफोनचा इतिहास बहुधा ध्वनीच्या सुधारणेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु कोणते साधन कानाने तासन्‌तास सोसले आणि कोणते थोड्याच वेळात काढून ठेवावे लागले, हे शेवटी कानाच्या घडणीने ठरवले. त्या बाजूने पाहू गेल्यास या इतिहासात दोन परंपरा दिसतात, एक कानापर्यंत आवाज पोहोचवणाऱ्या नळीची आणि दुसरी आवाज अडवणाऱ्या बोळ्याची. या दोघी दीर्घकाळ एकमेकींपासून फटकून राहिल्या, आणि नाजूक कानाच्या माणसाची सोय त्या एकत्र आल्यावरच होऊ लागली.

नळीची परंपरा वैद्यकात उगम पावली. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज कॅमन यांनी १८५२च्या सुमारास दोन्ही कानांत घालायचा स्टेथोस्कोप व्यवहारात आणला, तेव्हा त्याच्या टोकांना हस्तिदंती बोंडे होती. ती गुळगुळीत असली तरी कठीण होती, आणि रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकण्यापुरत्या दोन-चार मिनिटांसाठी ती चालून जात. पुढे १८८९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात नाणे टाकून ऐकायचा फोनोग्राफ बसवण्यात आला, त्यालाही अशाच नळ्या होत्या, आणि एकाने ऐकून झाल्यावर दुसऱ्याने नळी पुसून घ्यावी म्हणून जवळ पंचा ठेवलेला असे. कानात घालायच्या वस्तूची स्वच्छता हा प्रश्न त्या वस्तूइतकाच जुना आहे, हे त्या पंच्यावरून ध्यानात यावे.

विजेवर चालणारी साधने आली तेव्हा आरंभी ती कानात गेलीच नाहीत. १८८१च्या पॅरिसमधील विद्युत-प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहातील गायन तारांवरून ऐकवले, तेव्हा श्रोते दोन रिसीव्हर दोन हातांनी कानांशी धरून उभे असत. हा भार हातांवरून काढून कानांवर सोपवण्याची कल्पना फ्रेंच अभियंता अर्नेस्ट मेर्कादिए यांची. १८९१मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेले त्यांचे ‘बाय-टेलिफोन’ हे साधन पावणेदोन औंसांहून, म्हणजे सुमारे ५० ग्रॅमांहून हलके होते आणि त्याची टोके कानाच्या छिद्रात बसत. त्या टोकांवर रबराचे आवरण असावे, म्हणजे छिद्राच्या कडेला घर्षण कमी होईल आणि बाहेरचा आवाजही अडेल, असे मेर्कादिए यांनी पेटंटातच नमूद केले होते. आजच्या इअरफोनच्या टोकावरचे सिलिकोनचे आवरण, ज्याला बोलण्यात सरसकट ‘रबर’च म्हटले जाते, नेमकी हीच दोन कामे करते. तरीही ही सूचना दीर्घकाळ जवळजवळ अडगळीत पडली, कारण नेथानियल बाल्डविन यांनी १९१०मध्ये अमेरिकी नौदलाला पुरवलेल्या हेडफोनने कानावर बाहेरून बसणारा घाट रूढ केला आणि रेडिओनेही तोच उचलला.

बोळ्याची परंपरा मात्र या काळात स्वतंत्रपणे वाढत होती. न ऐकणाऱ्या माणसाला ‘कानात बोळे घातलेत का’ असे मराठीत विचारतात, तो बोळा कापसाचा. पण नुसता कापूस आवाज फारसा अडवत नाही. बर्लिनचे औषधविक्रेते माक्स नेगवेर यांनी १९०७मध्ये मेण आणि कापूस यांचे मिश्रण करून ‘ओरोपाक्स’ हे बोळे तयार केले. शरीराच्या उष्णतेने ते मऊ होत आणि ज्याच्या त्याच्या कानाचा आकार घेत. पहिल्या महायुद्धात ते सैनिकांनी वापरले. गोंगाटाने हैराण होणारे फ्रान्झ काफ्का हेही त्यांचे गिऱ्हाईक होते. पुढची पायरी अमेरिकेतील फेसाच्या बोळ्याची. १९६०च्या दशकाअखेरीस रॉस गार्डनर यांच्या प्रयोगांतून सापडलेला आणि १९७०च्या दशकात बाजारात आलेला हा फेस दाबल्यावर सावकाश पूर्ववत होतो, त्यामुळे चिमटीत वळून कानात घातला की तो हळूहळू फुलून नलिका भरतो आणि आपला दाब सर्व बाजूंना वाटून देतो.

दाब वाटला जाणे एवढे महत्त्वाचे का, हे कळण्यासाठी कर्णनलिका, म्हणजे कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतचा मार्ग, लक्षात घ्यावी लागते. प्रौढ माणसात ती सुमारे अडीच सेंटिमीटर लांब व किंचित वाकडी असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा, आणि आतला भाग कवटीच्या हाडाचा असतो. या हाडावरची त्वचा अतिशय पातळ असून तिच्याखाली गादीसारखा थर नसल्याने तेथे कठीण वस्तूचा स्पर्श लगेच दुखतो. शिवाय नलिकेला येणाऱ्या एका चेतातंतूचा संबंध घशाशी निगडित मज्जातंतूशी असल्याने काहींना कानात काही घालताच खोकला येतो. अशा कानांना ‘नाजूक’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. ती शरीराची साधी रचना आहे.

दोन्ही परंपरांची गाठ १९८०च्या दशकात पडली. सोनीने १९८२मध्ये आणलेला छोटा इअरफोन नलिकेत न शिरता कानाच्या वाटीत टेकत असे, त्यामुळे तो अनेकांना सुसह्य झाला, पण वाटीचा आकार न जुळल्यास तो गळून पडे किंवा कडेला रुतत असे. त्याच सुमारास श्रवणतज्ज्ञ मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च या संस्थेने श्रवणचाचणीसाठी फेसाच्या बोळ्यातून नळी काढून आवाज देणारे साधन तयार केले. नळी आणि बोळा एका वस्तूत आले ते येथे, आणि संगीताचा धंदा करणाऱ्यांच्या आधी ते दवाखान्यात आले, ही गोष्ट इतिहासकारांनी पुरेशी अधोरेखित केलेली नाही. या संस्थेचा १९९१चा ईआर-४ हा इअरफोन तीन झालरींच्या टोकासह खोलवर बसवला जाई. त्याचा आवाज वाखाणला गेला, पण वर सांगितलेल्या पातळ त्वचेपाशी ती खोली अनेकांना झेपत नाही. १९९५मध्ये ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांनी व्हॅन हेलन या वाद्यवृंदासाठी कानाचा साचा घेऊन घडवलेले इअरफोन तयार केले. जबडा हलला की कर्णनलिकेचा आकार बदलतो, म्हणून असा साचा घेताना गिऱ्हाइकाला बहुधा दातांखाली ठोकळा धरून तोंड उघडे ठेवायला लावतात.

साच्याचा खर्च ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी लहान, मध्यम व मोठे अशी तीन आवरणे डब्यात देण्याची प्रथा रूढ झाली. स्त्रियांच्या कर्णनलिका सरासरीने पुरुषांपेक्षा अरुंद असल्याने सर्वांत लहान आवरणही अनेकींना मोठेच पडे, आणि डाव्या-उजव्या कानांना वेगळी मापे लागू शकतात हे तर गिऱ्हाइकाला कोणी सांगतही नसे. ॲपलच्या नलिकेत बसणाऱ्या इअरफोनसोबत चौथे, अतिलहान आवरण येऊ लागले ते २०२२मध्ये, म्हणजे मेर्कादिए यांच्या पेटंटानंतर १३१ वर्षांनी.