ग्रामसुरक्षा दल (सरावली–बोईसर परिसर)

रात्रीची गस्त, संशयास्पद हालचालींची खबर आणि अडीअडचणीला पोलिसांना मदत यांसाठी उभारलेले रहिवाशांचे स्वयंसेवी पथक. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) याच्या कलम 63-ब मध्ये अशा दलांची तरतूद असून ती उभारण्याचा अधिकार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आहे.

परिसर : सरावली हे पालघर तालुक्यातील गाव बोईसरला आणि तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून आहे. जनगणनेने ते शहरी धरले, कारभार मात्र ग्रामपंचायतीकडे राहिला. कारखान्यांमुळे परराज्यांतून आलेली कामगार कुटुंबे आणि एकेकटे तरुण येथील चाळींत, भाड्याच्या खोल्यांत राहतात. पाळ्या बदलतात, भाडेकरूही बदलतात. परस्परांच्या ओळखीवर चालणारी गावकीची राखण अशा वस्तीत अपुरी पडते. त्यामुळे घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे ही साधी बाब येथे गस्तीइतकीच महत्त्वाची ठरते. 1 ऑक्टोबर 2020 रोजी वसई-विरार मीरा-भाईंदरसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालयाकडे गेले; बोईसर, पालघर, डहाणू हा भाग जिल्हा अधीक्षकांकडेच राहिला, म्हणून येथे दल उभारण्याचा अधिकारही त्यांचाच.

पोलीस पाटील : वंशपरंपरागत पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपली. त्यानंतर महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 अन्वये पोलीस पाटलाचे आजचे पद आले. नेमणूक प्रांताधिकारी करतात, मोबदला मानधनाचा. गुन्ह्याची व संशयास्पद मृत्यूची खबर देणे, गावात शांतता राखण्यास हातभार लावणे, आरोपी शोधण्यात पोलिसांना साहाय्य करणे ही त्याची मुख्य कामे. गाव आणि ठाणे यांच्यामधला हा दुवा शेकडो खोल्यांच्या वस्तीसाठी योजलेला नव्हता. सरावलीसारख्या ठिकाणी एका माणसावर एवढा भार टाकणे अन्यायाचे आहे.

गडचिंचले : 16 एप्रिल 2020 च्या रात्री याच पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना ठार केले. तेव्हा कोविडची टाळेबंदी होती. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवेने भागातील गावकरी स्वतःहून रात्री पहारा देत होते. घटनास्थळी पोलीस असूनही तिघे वाचले नाहीत. हत्येमागील हेतूंबाबत पुढे राजकीय वाद झाले. प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाचा फरक असा : कायद्याने नेमलेले दल अधीक्षकांना जबाबदार असते, अफवेतून उभा राहिलेला पहारा कोणालाच जबाबदार नसतो. दलाच्या प्रशिक्षणात अफवेची शहानिशा ठाण्याकडून करून घेणे आणि संशयिताला हात न लावणे हे दोन धडे काठी-शिट्टीच्या आधी यायला हवेत.

मोहल्ला समित्या : रहिवासी आणि पोलीस यांच्या सहकार्याचे हे शहरी उदाहरण. 1984 च्या दंगलीनंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 पासून हा प्रयोग राबवला. पुढाऱ्यांऐवजी हिंदू व मुस्लीम अशा दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी आणि पोलीस शिपाई यांना एकत्र बसवणे हे त्याचे वैशिष्ट्य. 1992-93 च्या दंगलींत मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. श्रेय केवळ समित्यांचे की अन्य कारणांचेही, याविषयी एकमत नाही. पुढे मुंबईतही अशा समित्या स्थापन झाल्या.

तंटामुक्ती : गावातील तंटे गावातच सामोपचाराने मिटवण्यासाठी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झाली.

महिला सुरक्षा : पोलीस ठाण्याच्या पातळीवर महिला दक्षता समित्या. आपत्कालीन क्रमांक 112.