कानावर न पडलेलं इंग्रजी

आमच्या तेल्हाऱ्यात इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, शब्दार्थ, व्याकरण. उताऱ्याखालचे प्रश्न तर उतारा न समजताही सुटत. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उतरवायचं, झालं! मास्तर झाल्यावर पोरांनाही मी हीच युक्ती शिकवली, आता कबूल करायला हरकत नाही.

कानाचं कुणी पाहिलंच नाही. रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की वर्गातला पहिला नंबरही म्हणे, "सर, हा काय बोलून राह्यला, समजूनच नाही राह्यलं." खरं सांगतो मंडळी, मलाही अर्धंच समजे.

२००० साली इंग्रजी पहिलीपासून आलं. पुढे दहावीला भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० मार्क आले. २०१९ ला ते काढले. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, अन् २०२० ला मार्क परत! ओरड झाली ती मार्कांची. ऐकलेलं पोरांना कळतं का, हे राहूनच गेलं. चीनमध्ये कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत बहुतेक ठिकाणी ध्वनिमुद्रण ऐकवून उत्तरं लिहून घेतात. आपल्याकडे ऐकवणारा मास्तर, मार्क देणाराही तोच.

असो. नातू मोबाईलवर इंग्रजी गोष्टी ऐकतो, मी शेजारी बसतो. काल एका वाक्याला तो खदखदून हसला. मला कळलं नाही. म्हटलं, "पुन्हा लाव बरं."