छत कुणाला मिळालं? विमानं, हिवाळा आणि एक संशोधन-प्रश्न

संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. माझ्या मते, जिथे सगळे "हवामानामुळे झालं" म्हणून थांबतात, तिथून पुढे जाऊन बघा. आजचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे.

केंब्रिजजवळचं डक्सफर्ड हा रॉयल एअर फोर्सचा जुना तळ. आता तिथे इम्पीरियल वॉर म्युझियमचा विमानसंग्रह आहे. १९८३ मध्ये तिथे व्हिएतनाम युद्धात वापरलेलं बी-५२ हे अमेरिकन बॉम्बफेकी विमान आलं. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ५६ मीटर! हँगरमध्ये मावणार कसं? ते उघड्यावरच उभं राहिलं.

आपल्याला वाटतं, घात बर्फ करतो. शेपटीवर बर्फ साचला तर काही विमानं मागे कलंडतात, हे खरं. पण कोरड्या थंडीत धातू बऱ्यापैकी टिकतो. जास्त त्रास देतो तो ओला, शून्याच्या वर-खाली होणारा हिवाळा. रात्री पत्रा गार पडतो, मग दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं, अगदी विमानाच्या आतसुद्धा. ते पत्र्यांच्या जोडांत आणि रिव्हेटांभोवती शिरतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे रंगातल्या भेगा रुंदावतात. मग ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून जोड फुगतात आणि कधी रिव्हेटची डोकीही उडतात. शेजारी पोलादी बोल्ट असेल, तर ओलाव्यात ॲल्युमिनियम आणखी लवकर झिजतं.

आता यात इतिहास कुठे आला? तर विमानाचा पत्रा हाही एक दस्तऐवज आहे. रंगाचे थर, पुसट झालेली तुकडीची चिन्हं, मेकॅनिकने मारलेली ठिगळं, यातलं बरंचसं कागदावर सापडत नाही. खराब पत्रा बदलला, घासून नवा रंग दिला, की विमान वाचतं. पुरावा मात्र जातो.

१९९७ मध्ये डक्सफर्डला नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने आखलेली अमेरिकन एअर म्युझियमची इमारत उघडली. तिचं माप या बी-५२ वरूनच ठरलं. दशकभराहून जास्त हिवाळे काढल्यावर त्याला छत मिळालं. पण त्याच मैदानावरची ट्रायडेंट, व्हीसी-१० ही ब्रिटिश प्रवासी विमानं बाहेरच राहिली.

इथे हवामानाचा प्रश्न इतिहासाचा होतो. थंडी दोघांनाही सारखीच होती, मग छत आधी कुणाला, आणि का? पैसा कुणी दिला? युद्धाची आठवण जपण्यासारखी आणि प्रवासाची कमी महत्त्वाची, असं कुणी ठरवलं का?

शोधायचं असेल तर एकाच विमानाचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो तारखेनुसार लावा. शेजारी दुरुस्तीच्या नोंदी आणि निधीसाठी काढलेली पत्रकं ठेवा. पत्रा कधी बिघडला आणि पैसा कधी आला, या दोन तारखांमधलं अंतर मोजा. तुमचा प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.