देवी दुबार काढण्याचा इतिहास

इ. स. १८११ सालीं लंडनमधील एका सरदारघराण्यांतल्या आजारपणानें वैद्यकाच्या जगांत मोठीच खळबळ उडविली. अर्ल ग्रोव्हनर यांचा रॉबर्ट नांवाचा दहा वर्षांचा मुलगा देवींनीं आजारी पडला. देवी साध्या नव्हत्या. फोडाला फोड लागून सर्वांग भरून गेलें होतें, आणि मुलाची आशा घरच्यांनीं जवळजवळ सोडली होती. त्या काळीं देवींनीं मूल दगावणें ही नवलाची गोष्ट नव्हती. नवल होतें तें निराळेंच. या मुलाच्या देवी तो तान्हा असतांनाच काढलेल्या होत्या, आणि काढणारा हात कोणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. तो खुद्द एडवर्ड जेन्नर यांचा होता!

मुलगा वांचला. पुढें तो लॉर्ड एबरी या नांवानें प्रसिद्धीस आला आणि वयाचीं ब्याण्णव वर्षें पुरीं करून १८९३ सालीं वारला. देवी काढल्या होत्या म्हणूनच तो वांचला, असें जेन्नर यांच्या पक्षाचें म्हणणें. काढूनही आल्याच, मग काढण्याचा उपयोग काय, असा प्रतिपक्षाचा सवाल. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत तथ्य होतें. परंतु लंडनच्या घरोघरीं आपल्या मुलांच्या दंडावरील वणांकडे ज्या आयाबाया त्या दिवसांत साशंक नजरेनें पाहूं लागल्या असतील, त्यांचें समाधान या वादानें होण्यासारखें नव्हतें.

लस घेण्यास मुळांतच नकार देणारा मनुष्य आणि एकदां घेतल्यावर दुसऱ्यांदा घेण्यास कांकूं करणारा मनुष्य, हे दोघे एकाच माळेचे मणी आहेत असें समजण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाहीं. पहिल्याचा विश्वास बसलेलाच नसतो. दुसऱ्याचा एकदां बसलेला असतो, आणि तोच डळमळतो. “पहिली टोचणी खरी होती, तर दुसरी कशाला? आणि दुसरी लागणारच होती, तर पहिल्या वेळीं तसें कां सांगितलें नाहीं?” हा त्याचा प्रश्न आहे. तो अडाणीपणाचा नाहीं, आणि त्याचा उगम शोधूं लागल्यास जेन्नर यांच्या मूळ ग्रंथापर्यंत जावें लागतें.

१७९६ च्या मे महिन्याच्या १४ तारखेस जेन्नर यांनीं जेम्स फिप्स नांवाच्या आठ वर्षांच्या मुलास एका गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडांतील लस टोचली, आणि दोन वर्षांनीं आपले प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. ज्यास एकदां गोदेवी येऊन गेल्या तो देवींपासून जन्मभर सुरक्षित झाला, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. १८०१ सालीं तर या रोगाचा पृथ्वीवरून समूळ उच्छेद होईल असें भाकीत त्यांनीं केलें. पार्लमेंटनें त्यांना प्रथम दहा हजार व पुढें वीस हजार पौंडांचें पारितोषिक दिलें. भाकीत खरें ठरावयास पावणेदोनशें वर्षें लागलीं, पण तें खरें ठरलें. जन्मभराच्या संरक्षणाचें वचन मात्र वीस वर्षेंही टिकलें नाहीं.

१८१८ नंतर एडिंबरोसारख्या शहरांतून देवींच्या साथी उठल्या, आणि लहानपणीं देवी काढलेलीं तरुण माणसें त्यांत सांपडूं लागलीं. या वेळीं वैद्यांनीं जें केलें तें त्यांच्या धंद्यास भूषणावह नव्हतें. काढणाऱ्याचा हात चुकला असेल, लस जुनी असेल, रोगच मुळीं देवींचा नसून कांजण्यांचा असेल, अशीं कारणें पुढें आलीं. इतक्यानें भागेना तेव्हां रोगालाच ‘व्हॅरिओलॉइड’ असें नवें नांव देण्यांत आलें. म्हणजे देवींसारखा दिसणारा, पण देवी नव्हे असा. घरांत अंथरुणाला खिळलेल्या मुलाचा रोग कोणता हें त्याच्या आईस ठाऊक असतें. तिच्यापुढें शास्त्रानें नांवाची अदलाबदल करून दाखविली, आणि त्याची किंमत पुढील पिढ्यांनीं मोजली.

वास्तविक शरीराचा व्यवहार फारसा गूढ नाहीं. लस टोचली म्हणजे रक्तांत रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें निर्माण होतात आणि त्या शत्रूची ओळख शरीराच्या ध्यानांत राहते. पांच-दहा वर्षांत हीं द्रव्यें रोडावतात व रोग पुन्हा शिरकाव करूं शकतो. ओळख मात्र पुष्कळ काळ शिल्लक राहते, म्हणून रोग झाला तरी प्राणावर बेतत नाहीं. दुसऱ्या टोचणीनें ही जुनी ओळख जागी होते. जेन्नर यांच्या काळीं हें ज्ञान नव्हतें. अनुभव मात्र हळूहळू सांचत होता.

तो अनुभव नीट मोजून ठेवणाऱ्यांत लंडनच्या देवीच्या इस्पितळांतील डॉक्टर मार्सन यांचें नांव पहिलें घ्यावें लागेल. १८३६ पासून या गृहस्थानें आलेल्या प्रत्येक रोग्याचा दंड उघडा करून वण मोजण्याचा परिपाठ ठेवला. पुष्कळ वर्षांच्या मोजणीनंतर निघालेला हिशेब असा : ज्यांच्या देवी काढलेल्याच नव्हत्या त्यांच्यापैकीं शेंकडा ३५ मेले. एक वण असणाऱ्यांपैकीं शेंकडा पावणेआठ, दोन वण असणाऱ्यांपैकीं पावणेपांच, तीन असणाऱ्यांपैकीं सुमारें दोन, आणि चार किंवा अधिक वण असणाऱ्यांपैकीं जेमतेम अर्धा. याहून बोलका पुरावा त्यांच्या पदरीं होता तो इस्पितळांतील नोकरमाणसांचा. कामावर रुजू होणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या देवी ते पुन्हा काढीत. रात्रंदिवस देवीच्या रोग्यांत वावरणाऱ्या या बायकांपैकीं पस्तीस वर्षांत एकीसही तो रोग जडला नाहीं, असें त्यांनीं १८७१ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें सांगितलें. जेन्नर यांच्या भक्तांच्या व्याख्यानांनीं जें झालें नाहीं, तें या वण मोजणाऱ्या माणसाच्या वहीनें केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

प्रशियाच्या लष्करानें मात्र इतकी वाट पाहिली नव्हती. १८३४ पासून तेथें भरती होणाऱ्या प्रत्येक शिपायाच्या देवी दुबार काढूं लागले. १८७० सालीं फ्रान्सशीं युद्ध जुंपलें आणि युद्धाबरोबर देवींची साथ युरोपभर पसरली. फ्रेंच सैन्यांत हजारों शिपाई तिला बळी पडले. जर्मन सैन्यांतील बळींची संख्या कांहीं शेंकड्यांवर थांबली. त्याच सुमारास प्रशियाच्या नागरिक प्रजेंत, जिच्यावर दुबार टोचणीची सक्ति नव्हती, दोन वर्षांत लाखावर माणसें दगावलीं. एकाच देशांतील, एकाच साथींतील हा फरक सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. ८ एप्रिल १८७४ रोजीं जर्मन साम्राज्यानें कायदा केला : पहिली टोचणी बाळपणीं, दुसरी शाळेंत असतांना बाराव्या वर्षीं. विरोधाचे अर्ज तेथेंही पुष्कळ झाले. तथापि दुसरी टोचणी शाळेशीं बांधली गेल्यामुळें दप्तर-पाटीप्रमाणें तीही अंगवळणीं पडली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत हा रोग जवळजवळ नामशेष झाला.

इंग्लंडनें उलट वाट धरली. १८५३ पासून तान्ह्या मुलांवर सक्ति, न ऐकणाऱ्या आईबापांना दंड, आणि मोठ्या माणसांच्या दुबार टोचणीबद्दल मात्र नुसता उपदेश. सक्ति नको तेथें कडक आणि हवी तेथें ढिली, असा हा कारभार होता. त्यांतच दंडाहून दंडावर लस नेण्याच्या पद्धतीचे दोष उघडकीस आले. इटलींत रिव्हाल्टा या गांवीं १८६१ सालीं एका मुलाच्या लशींतून चाळीसांहून अधिक मुलांना उपदंशाची लागण झाली. अशा बातम्या वाचून ज्याचें मन कचरलें त्याला मूर्ख म्हणणाऱ्यानें आधीं आपलें मूल पुढें करावें. २३ मार्च १८८५ रोजीं लेस्टर शहरांत सक्तीविरुद्ध प्रचंड मिरवणूक निघाली व जेन्नर यांच्या प्रतिमेची विटंबना झाली. त्यापूर्वींच्या साथींत देवी काढलेलीं माणसेंही मेलेलीं त्या शहरानें पाहिलीं होतीं, हें या रोषाचें मुख्य कारण. अखेर १८९८ सालीं मनोदेवतेची हरकत सांगणाऱ्या पालकांना कायद्यानें मोकळीक दिली, आणि दंडाहून दंडावर लस नेण्याची रीतिही त्याच वर्षीं बंद केली.

आपल्याकडे ही लस व्हिएन्ना, बगदाद व बसरा या मार्गानें आली, आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतील लशीचा वंश या एका मुलीच्या दंडावरून वाढला. मराठी भाषेनें या कृत्यास ‘देवी काढणें’ असें नांव दिलें, तेंही मोठें सूचक आहे. ‘देवी आल्या’ म्हणजे देवता घरीं आली. ती आपण होऊन येते, आपण होऊन जाते, आणि एकदां येऊन गेल्यावर त्याच अंगांत पुन्हा येत नाहीं, अशी लोकांची समजूत व अनुभवही. मग एकदां ‘काढलेल्या’ देवी पुन्हा काढावयाच्या म्हणजे काय? सरकारी डॉक्टरास या प्रश्नाचें उत्तर देणें जड जात असे. शिवाय कोणत्या जातीच्या मुलाची लस आपल्या मुलाच्या अंगांत जाणार हा विचार होताच. १८७७ सालीं मुंबई शहरांत लहान मुलांच्या देवी काढणें कायद्यानें सक्तीचें झालें. दुबार देवींचा प्रघात मात्र साथ उठली कीं वाढावा आणि ओसरली कीं मागें पडावा, असाच राहिला.

याच मुंबईंत वारंवार टोचून घेण्याचा दुसरा धडा प्लेगानें दिला. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा प्रयोगशाळेंत हाफकिन यांनीं प्लेगाची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लोकांच्या मनांत विश्वास उत्पन्न करण्याचा याहून सरळ मार्ग नाहीं. परंतु या लशीचें बळ कांहीं महिने, फार तर वर्षभर टिके, आणि प्लेग तर दर हिंवाळ्यास परत येई. ताप व सुजलेला दंड दरसाल कोण सोसणार? त्यांत १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं एका बाटलींतील लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करतांच वापरला गेला, असें पुढें दिसून आलें. हाफकिन निर्दोष ठरले, पण त्यास १९०७ साल उजाडलें. पांच वर्षें शंका मोकाट हिंडत होती. सध्यां परळ येथें असलेल्या संस्थेला १९२५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें.

स्वतंत्र भारतानें १९६२ सालीं देवीनिर्मूलनाची मोहीम हातीं घेतली, तेव्हां एक विचित्र प्रकार घडला. तीन वर्षांत शेंकडा ८० लोकांच्या देवी काढावयाच्या असा संकल्प होता, आणि कागदावर आंकडे भराभर वाढत होते. परंतु टोचणाऱ्यांना सर्वांत सोयीचीं सांपडत तीं शाळेंतील मुलें. वर्ग भरलेला, मास्तर मदतीस, रांग तयार! त्याच मुलांच्या देवी पुन्हा पुन्हा निघाल्या, आणि झोंपड्यांतील तान्हीं मुलें व रोजगारासाठीं हिंडणारीं माणसें पहिल्या टोचणीवांचूनच राहिलीं. दुबार टोचणीचा इतका व्यर्थ खर्च दुसरीकडे क्वचितच झाला असेल. पुढें रोगी हुडकून त्याच्याभोंवतींच्या माणसांना टोचण्याची रीति स्वीकारली, तेव्हां यश आलें. १९७४ सालीं देशांत पावणेदोन लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले होते. १९७५ च्या मे महिन्यांत आसामांतील करीमगंज येथें शेवटचा रोगी सांपडला. त्यापूर्वीं जन्मलेल्या माणसांच्या दंडावर ते वाटोळे वण अजून पाहावयास मिळतात.

१९७८ च्या ऑगस्टांत, जगांतून रोग गेला असें वाटत असतांना, बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय विद्यालयांत छायाचित्रें काढणाऱ्या जॅनेट पार्कर या बाईंना देवी आल्या. त्या इमारतींत खालच्या मजल्यावर देवींची प्रयोगशाळा होती. बाईंच्या देवी १९६६ सालीं काढलेल्या होत्या, त्यानंतर काढलेल्या नव्हत्या. ११ सप्टेंबरास त्या वारल्या. त्यांच्या आईस, मुलीचा रोग ओळखल्याबरोबर लस टोचण्यांत आली. तिलाही रोग झाला, पण सौम्य, आणि ती वांचली.

कोविडाच्या लशीबद्दल भारतांत जेव्हां तिसऱ्या मात्रेचा विचार झाला तेव्हां तिला ‘बूस्टर’ न म्हणतां ‘खबरदारीची मात्रा’ असें सौम्य नांव देण्यांत आलें. ती सुरू झाली १० जानेवारी २०२२ रोजीं. हाफकिन यांनीं स्वतःस टोचून घेतलें त्यास त्या दिवशीं बरोबर सव्वाशें वर्षें झालीं होतीं, हा केवळ योगायोग. आरंभीं ती आरोग्यसेवक, आघाडीवरील कर्मचारी व व्याधिग्रस्त वृद्ध यांच्यापुरती होती. १० एप्रिलपासून सर्व प्रौढांना खासगी केंद्रांत पैसे देऊन घेण्याची मुभा मिळाली. लशीचे २२५ रुपये, वर सेवेचे १५० पर्यंत. रांगा लागल्या नाहींत. १५ जुलैपासून ७५ दिवस ती सर्वांना मोफत केली, दोन मात्रांनंतरचें नऊ महिन्यांचें अंतरही सहावर आणलें. पहिली मात्रा १०२ कोटींहून अधिक लोकांनीं घेतली होती, दुसरी ९५ कोटींहून अधिकांनीं. तिसरीचा आंकडा २२ कोटींच्या वर जाऊन थांबला. पुष्कळांना मधल्या काळांत रोग होऊन गेला होता आणि तो सौम्य गेला होता. पुष्कळांनीं दोन मात्रा म्हणजे काम पुरें, असें पहिल्या दिवसापासून ऐकलें होतें. दुसऱ्या मात्रेच्या प्रमाणपत्रावर लसीकरण पूर्ण झाल्याचें छापलेलेंच होतें.