तळटीप १२ : चेकवरचा आकडा

१२. ०.००५८५९३८ – विहिरीच्या उत्पन्नातला विधवेचा हिस्सा. ओक्लाहोमात जमीन एकाची आणि तिच्या पोटातले तेल दुसऱ्याचे, असे सर्रास असते. शेत विकतानाही खनिजहक्क राखून ठेवता येतो; पुढे वारसांत त्याच्या वाटण्या होत जातात. इथे ६४० एकरांच्या घटकात तिचे २० एकर आणि करारातली रॉयल्टी तीन-सोळांश. २० भागिले ६४० गुणिले तीन-सोळांश म्हणजे हा आकडा. कंपनी तो ‘डिव्हिजन ऑर्डर’वर लिहून मालकाची सही घेते. तेलाची पहिली विक्री झाल्यापासून सहा महिन्यांत पैसे द्यायला सुरुवात व्हावी, असा राज्याचा कायदा आहे; थकबाकीवर सालिना १२ टक्के चक्रवाढ व्याज लागते. मात्र मालकी निर्वेध नसेल, उदाहरणार्थ मृत पतीचा हक्क पत्नीच्या नावे रीतसर चढलेला नसेल, तर व्याजाचा दर वेगळा. पुढच्या प्रकरणात कंपनीचा वकील नेमके यावरच बोट ठेवतो. आपल्याकडे तेल काढण्याचा पट्टा सरकार देते आणि रॉयल्टीही सरकारजमा होते. शेतकऱ्याला मिळते ती जमीन वापरल्याची भरपाई. – संपा.